मे महिन्यातली सावली : उपनगरातल्या एका बीआरटी रस्त्याचं प्रकरण

हे प्रकरण पुणे महानगर परिसरातल्या एका उपनगराचं आहे. रस्ता, माणसं आणि कार्यालयं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. निर्णय कुठे अडला, कुठे चुकला, तो भाग मात्र जसा घडला तसा ठेवलाय. मी या कामात लँडस्केप आर्किटेक्ट म्हणून होते. म्हणजे चुकांमध्ये माझाही वाटा आहे.

पार्श्वभूमी

पुण्यात २००६ साली कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका असलेली जलद बससेवा, सुरू झाली, देशातला तो पहिला प्रयोग. २०१५ पासून पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये ‘रेनबो’ नावाने नवे मार्ग आले. आमचा रस्ता त्यानंतरचा. विकास आराखड्यातला ४५ मीटर रुंदीचा, उत्तर-दक्षिण जाणारा, साधारण साडेतीन किलोमीटरचा तुकडा. मधोमध बसच्या दोन मार्गिका आणि स्थानकं, दोन्ही बाजूंना इतर वाहनं, कडेला फुटपाथ. आजूबाजूला दहा-पंधरा वर्षं जुन्या सोसायट्या, मध्येच शिल्लक राहिलेलं गावठाण, एक कॉलेज, दोन मंगल कार्यालयं, बाकी मेडिकल, मोबाइल रिपेअर आणि वर्कशॉप.

आम्ही कामावर आलो तेव्हा बस सुरू होऊन वर्ष झालं होतं. राहिलं होतं ते ‘सुशोभीकरण’. महापालिकेच्या भाषेत या शब्दात सगळं मावतं, नाल्याच्या भिंतीवर काढलेला मोरसुद्धा. कार्यादेशात दुभाजकावर लॉन, शोभेची झुडपं, रंगीत दिवे, दोन चौकांत कारंजी आणि ‘आवश्यकतेनुसार वृक्षारोपण’ एवढं होतं. फुटपाथचा उल्लेख ‘दुरुस्ती’ या एका ओळीत.

अडचण

पहिली पाहणी मेच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारी साडेतीनला झाली. मुद्दाम ठरवलेली वेळ नव्हती. शाखा अभियंता साहेबांची सकाळची मीटिंग लांबली, एवढंच.

कॉलेजसमोरच्या सिग्नलला पूर्वेच्या फुटपाथवर दहा-बारा माणसं थांबली होती, पण सिग्नलपाशी नव्हती. वीसेक पावलं मागे, कुणाच्या तरी वाढदिवसाच्या फ्लेक्सच्या सावलीत एकामागे एक उभी होती. दिवा लागला की सगळी पळत यायची. त्यात एक आजी होत्या, हातात दवाखान्याची पिशवी. त्यांना एका दिव्यात पोचणं जमलं नाही. त्या परत फ्लेक्सखाली गेल्या आणि पुढच्या दिव्याची वाट बघत राहिल्या. चारच दिवसांनी अतिक्रमण विभागाने तो बेकायदा फ्लेक्स उतरवला. कारवाई रास्तच होती, पण त्या चौकातली एकमेव सावली गेली.

पुण्याच्या अक्षांशावर १३ मेच्या आसपास शून्य सावली दिवस येतो. भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो, तेव्हा इमारतीची सावली इमारतीच्या पायाशीच संपते. त्या तासाला उपयोग असतो फक्त डोक्यावरच्या पानांचा. दुपार कलली की उत्तर-दक्षिण रस्त्यावर पश्चिमेच्या फुटपाथला तिथल्याच इमारतींची सावली मिळू लागते. पूर्वेचा फुटपाथ मात्र सूर्य मावळेपर्यंत तापतो. आजी उभ्या होत्या ती बाजू पूर्वेचीच.

दुसरी अडचण पायाखाली होती. साडेतीन किलोमीटरमध्ये प्रत्येक सोसायटीच्या आणि दुकानाच्या गेटसमोर फुटपाथ खाली उतरायचा आणि पुन्हा चढायचा. मध्ये महावितरणचा डीपी (वीजवितरणाची पेटी), चेंबरचं वर आलेलं झाकण, होर्डिंगचा खांब. त्यामुळे माणसं सरळ रस्त्यावरून, पार्क केलेल्या गाड्यांच्या बाहेरून चालायची. फुटपाथवर किमान १.८ मीटरची मोकळी वाट असावी असं आयआरसी १०३ ही भारतीय रस्ते काँग्रेसची मार्गदर्शिका सांगते. आमच्याकडे एकूण रुंदी चार मीटर होती, पण सलग मोकळी वाट जवळपास कुठेच नव्हती.

बस मधोमध थांबते आणि स्थानकाला छप्पर असतं. प्रवाशाला ऊन लागतं ते घरापासून स्थानकापर्यंतच्या पाच-दहा मिनिटांत. कार्यादेशातली बहुतेक हिरवळ मात्र दुभाजकावर होती, तिथे माणूस चालतच नाही. ती गाडीच्या काचेतून दिसते.

पर्याय

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे सांगितलं तेवढं करणं. दुभाजकावर काम करायला सगळ्यांनाच आवडतं, कारण तिथे भांडायला कुणी नसतं. सोसायटीचे अध्यक्ष नाहीत, टपऱ्या नाहीत, जमिनीखाली केबलही कमी. मोजमाप पटकन होतं, बिल निघतं, उद्घाटनाचा फोटो चांगला येतो. पण लॉनला जवळपास रोज पाणी लागतं. आपल्याकडे पाऊस चार महिने पडतो, उरलेले आठ महिने एसटीपीच्या, म्हणजे प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याचा टँकर भर वाहतुकीत कडेला लावून दोन माणसांनी पाइप धरायचा. उद्यान विभागातल्या एका जुन्या मुकादमांनी आम्हाला सरळ सांगितलं, “मॅडम, लॉन लावा, पण टँकरवाल्याचं बिल थकलं की आठ दिवसांत त्याचं चिपाड होतं.”

दुसरा पर्याय म्हणजे दोन्ही फुटपाथ पूर्ण उकरून नव्याने बांधायचे. तांत्रिकदृष्ट्या हाच बरोबर होता. अंदाजपत्रकात बसत नव्हता.

तिसरा आमच्या टेबलावर तयार झाला. कारंजी आणि लॉन वगळायचं, दुभाजकावर कमी पाण्याची झुडपं ठेवायची आणि वाचलेल्या पैशांत पूर्वेचा एकच फुटपाथ नीट करायचा. पश्चिमेला फक्त स्थानकांसमोरचे कोपरे. सूर्याचं गणित आम्ही नकाशावर रंगवून दाखवलं. शाखा अभियंत्यांना पटलंही, पण त्यांचा पहिला प्रश्न होता, “पश्चिमेकडच्यांना काय सांगायचं? तो दुसरा प्रभाग आहे.”

हा प्रश्न आम्हाला सुचलाच नव्हता. रस्त्याची मधली रेघ हीच प्रभागाची हद्द होती. पूर्वेकडच्या नगरसेवकांना योजना आवडली, पश्चिमेकडच्यांना आवडणं शक्यच नव्हतं. दोन बैठका त्यातच गेल्या. तोडगा असा निघाला की पश्चिमेच्या कोपऱ्यांवर बाक, पाण्याची सोय आणि मोठी तयार झाडं द्यायची, म्हणजे तिकडेही काहीतरी लगेच दिसेल. एक कारंजंही परत आलं. ते दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत चाललं.

झाड कोणतं लावायचं, यावर खूप बोलणं झालं. सगळ्यांना बहावा हवा होता. एप्रिल-मेमध्ये पिवळ्या घोसांनी लगडलेला बहावा कुणाला नको असतो? अडचण अशी की नेमका त्याच दिवसांत तो जवळजवळ निष्पर्ण असतो. गुलमोहराचंही तेच, शिवाय त्याची मुळं वरवरची आणि लाकूड ठिसूळ, वळवाच्या पावसात फांदी पडायची भीती. सप्तपर्णी भराभर वाढते, पण ऑक्टोबरमध्ये तिच्या फुलांच्या उग्र वासाच्या तक्रारी येतात. आम्ही करंज आणि कडुनिंब धरले, कारण दोघांना मार्च-एप्रिलमध्ये नवी पालवी येते आणि मेमध्ये डेरा भरलेला असतो. मध्ये मध्ये बकुळ घेतली. ती हळू वाढते, पण बारमाही हिरवी राहते. तामण हे राज्याचं फूल, म्हणून प्रत्येक चौकात एक तामण हा आग्रह आम्ही मान्य केला. बहावा दुभाजकावर गेला. तिथे सावलीची गरज नाही, फुलांचं कौतुक आहे.

वडापाशी घेतलेला निर्णय

गावठाणाच्या गल्लीच्या तोंडाशी, पूर्वेच्या फुटपाथवर एक वड आहे, पारासकट. वटपौर्णिमेला त्याचं खोड सुतात गुंडाळलेलं असतं. एरवी पारावर रिक्षावाले, निवृत्त मंडळी आणि एक फुलवाल्या मावशी. बरोबर समोर दुभाजकात स्थानकाचं उत्तरेकडचं दार. गल्लीतली माणसं सरळ वडाखालून रस्ता ओलांडून तिथे जायची.

इथे उंचावलेला पादचारी मार्ग (रस्ता ओलांडायला फुटपाथच्या पातळीत उचललेला पट्टा) आणि सिग्नल करायचा होता. तो उतरत होता थेट पारावर. झाड काढणं हा पर्याय कुणी गंभीरपणे घेतला नाही, आणि कायद्यानेही ते सोपं नव्हतं. महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्ष जतन कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली. पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड आता वारसा वृक्ष धरलं जातं आणि झाड तोडायचं तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावावी लागतात. वड पन्नाशीचा होता यात कुणालाच शंका नव्हती.

मग आम्ही ओलांडण्याची जागाच साठ मीटर दक्षिणेला, स्थानकाच्या दुसऱ्या दारासमोर नेली. कागदावर ते स्वच्छ दिसत होतं. वड वाचला, सिग्नलला जागा मिळाली. जुन्या जागेवरून कुणी जाऊ नये म्हणून बसमार्गिकेच्या कडेला रेलिंग आणि त्यालगत बोगनवेल लावली. काटेरी आहे, माणसं अडतील, असा हिशेब मीच मांडला होता.

दोन महिन्यांत रेलिंगचा एक गज वाकला. मग दुसरा. बोगनवेलीत हातभर रुंदीची पायवाट पडली. तिथली माती इतकी घट्ट तुडवली गेली होती की पाणी घातलं तरी जिरेना. कुणीतरी काटेरी फांद्या सुतळीने बांधून बाजूला घेतल्या होत्या, बायकांच्या साड्या अडकू नयेत म्हणून. ती सुतळी बघून मला माझ्याच नकाशाची लाज वाटली. साठ मीटर खाली जायचं, सिग्नलला थांबायचं, तेही उन्हात, आणि वडाची सावली सोडून! कोण जाईल?

यात धोकाही होता. मोटारवाल्यांना तिथून माणूस येईल अशी कल्पना नव्हती, आणि बोगनवेल छातीपर्यंत वाढल्यामुळे समोरून येणारं लहान मूल दिसत नव्हतं. आठ महिन्यांनी वाहतूक पोलिसांचं पत्र आलं आणि आम्ही जागा पुन्हा मोजली. पाराच्या पुढे चार गाड्यांचं पार्किंग होतं. ते काढलं तर फुटपाथ बाहेर घेऊन पाराला वळसा घालता येत होता. तसाच दुसरा पादचारी मार्ग झाला. हे पहिल्याच दिवशी करता आलं असतं. तेव्हा चार गाड्यांची जागा काढायची म्हणजे कुणाकुणाशी बोलावं लागेल, या विचाराने आम्ही तो पर्याय नकाशावर काढलाच नव्हता. बैठकीत आम्ही ‘तांत्रिक कारण’ सांगितलं होतं.

बाकीचं काम

झाडांसाठी एक मीटरचे सुटे खड्डे घेण्याची पद्धत आहे. आमच्या भागात खाली दाबलेला मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. असा खड्डा पोयटा आणि शेणखताने भरला की तो जमिनीत पुरलेली कुंडी होतो. मुळं कडेला आपटून गोल फिरतात, पावसाळ्यात आत पाणी साठतं, आणि झाड तीन-चार वर्षांनी थांबतं. म्हणून रस्ता आणि चालण्याची वाट यांच्यामध्ये सलग चर खणला, जवळपास सव्वा मीटर रुंद. वरून मध्ये मध्ये सच्छिद्र ब्लॉक, बुंध्याभोवती एक मीटर मोकळी माती. दिल्लीतल्या एका प्रकरणात राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली झाडाभोवती तेवढी जागा काँक्रीटमुक्त ठेवायला सांगितलं होतं. तो आदेश आम्ही ठेकेदाराला छापूनच दिला, तेव्हा बुंध्याला सिमेंट लिंपणं थांबलं.

एका टप्प्यात फूटभरावरच खडक लागला. ब्रेकरने दोन दिवस फोडून बघितला आणि झाडाचा हट्ट सोडला. तिथे लोखंडी अँगलवर साधं पत्र्याचं छप्पर आहे. दिसायला वाईट आहे, पण खाली माणसं उभी असतात.

गेटसमोर फुटपाथ सलग एकाच पातळीत ठेवला. गाडीने चढायचं, माणसाने उतरायचं नाही. यावर एका सोसायटीचे अध्यक्ष काका तीनदा भेटायला आले. “माझी गाडी खाली घासते, तुम्ही येऊन बघा.” मी बघायला गेले, खरंच घासत होती. उतार आणखी अर्धा मीटर लांबवला. बाकी ठिकाणी मुकादमाने तक्रारीची वाट न बघता तसंच केलं. दुचाक्या फुटपाथवर येऊ नयेत म्हणून बोलार्ड, म्हणजे बुटके खांब लावले, पण व्हीलचेअर जाईल एवढी फट ठेवली की स्कूटरही जाते. याला उत्तर सापडलेलं नाही.

टपऱ्या हटवण्याचा आग्रह होता. २०१४ च्या फेरीवाला कायद्यानुसार सर्वेक्षण आणि शहर फेरीवाला समिती यांना डावलून तसं करता येत नाही, हे विधी विभागाने लिहून दिलं आणि आमचं काम सोपं झालं. झाडांच्या पट्ट्यातच टपरीच्या मापाचे फरसबंद कप्पे सोडले. चालायची वाट मोकळी राहिली.

आणि मग मार्चएंड. निधी परत जाऊ नये म्हणून लागवड फेब्रुवारीच्या शेवटी करायचं ठरलं. मी विरोध केला, पण लेखी केला नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर बारा फुटी रोपं लावली, नाव रंगवलेले ट्री गार्ड लावले, नारळ फुटला. एप्रिलमध्ये टँकर आठवड्यातून तीनाऐवजी एकदा येऊ लागला, कारण पाण्याचं काम स्थापत्य ठेकेदाराकडे की उद्यान विभागाकडे, हे निविदेत स्पष्ट नव्हतं. मेअखेर त्या टप्प्यातली जवळपास निम्मी झाडं वाळली. पावसाळ्यात, पाच-सहा फुटांची साधी रोपं लावलेला दुसरा टप्पा आज जास्त भरलेला आहे.

परिणाम

तीन वर्षांनंतर पूर्वेच्या फुटपाथवर कॉलेजपासून गावठाणापर्यंत डोक्यावर जवळपास सलग पानं आहेत. करंजाच्या पानांवर गाठी येतात, शेंगा पडतात, झाडणाऱ्या ताई वैतागतात. माणसं मात्र रस्त्यावरून कमी आणि फुटपाथवरून जास्त चालतात, हे कुणी न मोजताही दिसतं. कॉलेजच्या सिग्नलला आता फ्लेक्स नाही. एक कडुनिंब आहे, अजून बारीक, पण चार-पाच जण त्याच्याखाली मावतात.

दुभाजकावरच्या झुडपांची छाटणी अनियमितच आहे. पादचारी मार्गाच्या दोन्ही बाजूंना झुडूप गुडघ्याच्या वर जाऊ द्यायचं नाही, अशी अट आम्ही देखभालीच्या करारात घातली. ती पाळली जाते ती पावसाळ्यानंतर एकदा. पश्चिमेकडचे बाक चांगले वापरात आहेत. तिथे आणलेली मोठी तयार झाडं मात्र दोनच तगली.

टपऱ्यांबद्दल एकच एक निष्कर्ष काढता येत नाही. रसवंतीवाला भैया रोज बादलीभर पाणी घालतो, त्याचं झाड सगळ्यात उंच आहे. चहावाल्याने उरलेला गरम चोथा बुंध्याशी ओतून दोन झाडं घालवली. फुलवाल्या मावशी उरलेली फुलं आणि पाणी वडालाच घालतात, नव्या रोपांना नाही. “ती तुमची,” असं त्या मला म्हणाल्या.

पुन्हा करायचं झालं तर

लागवडीची निविदा स्थापत्य कामापासून वेगळी काढली असती, आणि तिच्यात जूनची तारीख आणि पहिल्या तीन वर्षांच्या पाण्याचे पैसे धरले असते. माझा विरोध लेखी दिला असता. बैठकीत बोललेलं इतिवृत्तात येत नाही.

पाहणी एकदा नाही, तीनदा केली असती: सकाळी नऊला, दुपारी साडेतीनला आणि संध्याकाळी सातला. सातची पाहणी आम्ही केलीच नाही. झाडं वाढल्यावर दिवे पानांत गेले आणि फुटपाथवर अंधार पडला, तेव्हा मुलींच्या तक्रारी आल्या. आता फुटपाथसाठी कमी उंचीचे वेगळे दिवे बसवण्याचा प्रस्ताव आहे. खांब बसवायचे म्हणजे पुन्हा खोदकाम, आणि तेही मुळांच्या पट्ट्यात.

आणि वडापाशी, नकाशा काढण्याआधी, माणसं कुठून जातात ते दोन दिवस पारावर बसून बघितलं असतं.

गेल्या महिन्यात पूर्वेच्या फुटपाथवर चुन्याची नवी रेघ दिसली. कुठल्या तरी केबलसाठी चर मारायचा आहे. टेप घेऊन गेले. बहुतेक ठिकाणी रेघ बुंध्यापासून दीड मीटरवर आहे, कॉलेजच्या कडुनिंबापाशी चाळीस सेंटिमीटर. पत्र दिलंय, आवक क्रमांक घेतलाय, आणि रेघ अजून तिथेच आहे.